नागीण: आधी लस की मागाहून गोळ्या?

लहानपणी कांजिण्या येऊन गेलेला पन्नाशी-साठीचा माणूस, म्हणजे आपल्यापैकी जवळपास प्रत्येक जण, हल्ली डॉक्टरांच्या तोंडून शिंग्रिक्स या नागिणीवरच्या लशीचं नाव ऐकतो. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन उठतो. २०२३ पासून ही लस भारतात मिळते. दुसरा रस्ता काहीच न करण्याचा: उठलीच नागीण तर गोळ्या आहेतच. दोन्ही रस्त्यांनी गेलेली शहाणी माणसं माझ्या ओळखीत आहेत. मी लस घेतली.

तरी गोळ्यांची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. अमेरिकेतला अंदाज असा की आयुष्यभरात तिघांतल्या एकाला नागीण होते. म्हणजे दोघं काही न करता सुटतात. विषाणूची वाढ रोखणारं असायक्लोव्हिर कुठल्याही औषधाच्या दुकानात आणि परवडेल अशा भावात मिळतं. दिवसातून पाचदा घ्यायचं हा जाच, पण व्हॅलासायक्लोव्हिर तीनदाच पुरतं. लशीचे दोन डोस मात्र वीस हजारांच्या पुढे जातात. पेन्शनीवर चालणाऱ्या घरात नवरा-बायको दोघांनी घ्यायची म्हटली तर हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

माझं घोडं अडलं ते ७२ तासांपाशी. पुरळ उठल्यापासून तेवढ्या वेळात गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग, असं सगळे सांगतात. पण ते तास मोजायला सुरुवात कधीपासून करायची? नागिणीत दुखणं आधी येतं आणि पुरळ मागून. आईच्या डाव्या बरगडीखाली जळजळ सुरू झाली तेव्हा आम्ही आधी ईसीजी काढला. तो चांगला निघाला, सगळे निर्धास्त झाले. पुरळ आलं ते पाठीवर, तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उतारवयात कातडी कोरडी पडते, खाज रोजचीच, त्यामुळे तिनेही तेल लावून विषय संपवला. मग कुणीतरी गेरूचा लेप सुचवला आणि नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस जातो, हेही वर ऐकवलं. (विषाणू एका बाजूच्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा सहसा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबतो. पण त्या वेळी कोण ऐकतं!) त्यात रविवार आला. गोळ्या मिळाल्या, पण ७२ तासांच्या आत की बाहेर, हे आमच्या घरात आजही कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

फोड सुकले, दुखणं मात्र कित्येक महिने राहिलं. पदर घासला तरी कळ यायची. त्यावर प्रेगाबालिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध, त्याने गुंगी, आणि गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडण्याची धास्ती. मागे राहणाऱ्या या दुखण्याचा धोका वयाबरोबर वाढत जातो, आणि ते सुरू झालं की विषाणूवरच्या गोळ्या काही करू शकत नाहीत.

वयाचा आणि कातडीचा संबंध मला नंतर वाचनात सापडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आर्ने अकबर यांच्या गटाने तरुण आणि वृद्धांच्या हाताच्या कातडीत याच विषाणूचा अंश टोचून पाहिला. तरुणांत लाल गाठ, म्हणजे शरीराच्या प्रतिकाराची खूण, चांगली उठली, वृद्धांत कमी. गंमत म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या पेशी वृद्धांच्या कातडीतही होत्या. अडचण आजूबाजूच्या दाहाची होती: म्हातारी कातडी सुईच्या साध्या टोचणीनेही जास्त चिडते आणि त्या गदारोळात कामाच्या पेशी दबून जातात. घरात पहारेकरी आहे, पण कल्लोळात त्याला चोराची चाहूलच लागत नाही. गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. पुढची सफाई मात्र याच थकलेल्या व्यवस्थेवर सोपवलेली असते. विषाणू कातडीपर्यंत पोचूच नये हे मला म्हणून अधिक पटलं. मी डॉक्टर नाही, ही माझी समजूत समजा.

लशीचा त्रास होतो, हेही सांगायला हवं. चाचण्यांत साधारण सहातल्या एकाला रोजची कामं अडतील एवढा त्रास झाला होता. दुसऱ्या डोसनंतर मलाही ताप भरला, हात वर होईना, दिवस पांघरुणात गेला. गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा क्वचित धोका सांगितला जातो. तो पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

पण फायद्याचे आकडे बोलके आहेत. पन्नाशीपुढच्यांच्या चाचणीत संरक्षण ९७ टक्के, सत्तरीपुढच्यांच्या चाचणीत जवळपास ९० टक्के. आधीची झोस्टाव्हॅक्स ही जिवंत विषाणूची लस साठीत ६४ टक्के आणि सत्तरीपुढे ३८ टक्क्यांवर यायची. अमेरिकेत २०२० मध्ये ती बंदच झाली. नवी लस वयापुढे एवढी ढेपाळत नाही. त्यामुळे पन्नाशीत हात आखडता असेल तर साठीपर्यंत थांबणाऱ्याला मी दोष देणार नाही. मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर मात्र मी थांबलो नसतो. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही ती पूर्ण बरी झाल्यावर लस घेता येते.

आणि गोळ्यांच्याच भरवशावर राहायचं ठरलं, तर अंगाच्या एकाच बाजूला जळजळ सुरू होताच घरातल्या कुणाकडून तरी रोज पाठ बघून घ्या. एखादा फोड दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाच्या तारखेसाठी थांबू नका. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे त्याच संध्याकाळी जा.