एफटीआयआर घ्यायचं की नेहमीचं बेंचच बरं?

इंजिनाच्या धुरातले गॅस मोजायचा नवीन सेटअप घ्यायचाय आणि इन्फ्रारेडवालं एफटीआयआर मशिन की जुनी पद्धत, म्हणजे वेगवेगळ्या गॅसला वेगवेगळे मीटर असलेलं बेंच, यात अडकलात, तर आधी हे बघा की जुन्या बेंचमध्येही सीओ आणि सीओटू इन्फ्रारेडनेच मोजतात, एनडीआयआर नावाच्या साध्या इन्फ्रारेड मीटरने. सीओटू ४.२६ मायक्रॉनच्या आसपास शोषतो, तेवढाच पट्टा बघायचा. त्यामुळे खरा प्रश्न अख्खा स्पेक्ट्रम एकदम घेणाऱ्या एफटीआयआरचा आहे.

नेहमीच्या बेंचमध्ये एनओएक्सला (एनओ आणि एनओटू मिळून) केमिल्युमिनेसन्स असतं, म्हणजे एनओची ओझोनशी रिअ‍ॅक्शन करायची आणि निघणारा उजेड मोजायचा. एनओटूला मात्र आधी कन्व्हर्टरमधून नेऊन एनओ करावं लागतं, आणि तो कन्व्हर्टर थकला की आकडा गुपचूप कमी येतो, स्पॅन गॅस (मीटरचा आकडा जुळवायला वापरतात तो माहीत प्रमाणाचा गॅस) एनओचाच असेल तर कॅलिब्रेशनही बिनधास्त पास होतं, म्हणून त्याची एफिशियन्सी वेगळी चेक करायलाच हवी.

एफटीआयआरला एनओ, एनओटू वेगवेगळे दिसतात, शिवाय एनटूओ, फॉर्मल्डिहाइड आणि मुख्य म्हणजे अमोनिया. युरियावाल्या एससीआर इंजिनवर (धुरात युरिया फवारून, त्यातून बनणाऱ्या अमोनियाने एनओएक्स कमी करणाऱ्या) काम असेल तर माझ्या मते इथेच निर्णय होतो, कारण युरोपच्या युरो ६ नियमांत हेवी ड्युटी (ट्रक, बसच्या) इंजिनांना अमोनियाची मर्यादा सरासरी १० पीपीएम आहे आणि सॅम्पल थंड करून पाणी काढलं की अमोनिया त्या पाण्याबरोबरच जातो.

पण एफटीआयआर मेहनत मागतं हो. सॅम्पल लाइन १९० डिग्रीच्या आसपास गरम ठेवायची, आणि एखादा जॉइंट जरी थंड राहिला तरी अमोनिया तिथे चिकटतो, मग इंजिनाने सोडायचं कधीच थांबवलेलं असतं आणि स्क्रीनवर आकडा मात्र सावकाश उतरत राहतो, बघणाऱ्याला वाटतं कॅटॅलिस्टच खराब आहे. वाफेचे पट्टे बाकीच्या गॅसेसवर चढतात ते वेगळंच, ते सोडवायला जाणकार माणूस लागतो. एफटीआयआरमधला इन्फ्रारेड टिपणारा एमसीटी डिटेक्टर बहुतेक वेळा लिक्विड नायट्रोजनवर चालतो, तोही भरत राहायचा.

टोटल हायड्रोकार्बनला (एचसी) एफआयडी, म्हणजे ज्योतीवर चालणारा डिटेक्टरच ठेवा. एफटीआयआर फक्त त्याच्या लिस्टमधले पदार्थ मोजून बेरीज करतं, एफआयडी ज्योतीत जळणारा कार्बन मोजतं. ऑक्सिजन इन्फ्रारेडला दिसतच नाही, आणि काजळीचं वजन करायला फिल्टर लागतोच.

फक्त पेट्रोल गाड्यांचं आयडलला सीओ, एचसी तपासायचं असेल तर एनडीआयआरचं साधं मशिन पुरेसं आहे, एफटीआयआरवर पैसे घालू नका. एससीआरवाल्यांनी एफआयडीच्या जोडीला एफटीआयआर घ्या, पण डेमो तुमच्याच लांबीच्या लाइनवर मागा, अमोनिया सोडायला लावा आणि बंद केल्यावर आकडा किती सेकंदांत खाली येतो ते स्वतः घड्याळ लावून बघा.