एलसीडी पॉवर सप्लाय टेस्टर : नवा पीसी सुरू होत नसेल तर घ्यावा का?

नवा पीसी जोडला, बटण दाबलं आणि पंखाही हलला नाही, की पहिला संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यावर, जातो. तो संशय खरा की खोटा हे दोन मिनिटांत सांगणारं साधन म्हणजे हा तळहाताएवढा टेस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर, बिनब्रँडचा सहज मिळतो. आमचं मत आधीच सांगतो: घ्या, पण त्याच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर घ्या. सप्लाय जिवंत आहे का? त्यापुढचं त्याला कळत नाही.

वापरायची पद्धत सोपी आहे. सप्लायचं मागचं बटण बंद करा, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी सगळ्यांच्या वायरी काढा. २४ पिनचा कनेक्टर टेस्टरमध्ये बसवा, मग सीपीयूचा ८ पिनचा, आणि बटण चालू करा. सीपीयूचा आणि ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टर एकाच वेळी लावू नका. बहुतेक टेस्टरमध्ये ते आळीपाळीनेच तपासायचे असतात. सप्लाय चालू करण्यासाठी २४ पिनमधली हिरवी वायर ग्राउंडला (काळ्या वायरीला) जोडायचं काम टेस्टर स्वतः करतो, त्यामुळे कागदाच्या क्लिपचा उपद्व्याप लागत नाही. क्लिपने फार तर पंखा फिरतो, व्होल्टेज कळत नाही. शिवाय हल्लीच्या अनेक सप्लायचा पंखा लोड (वीज ओढणारं काही) नसताना फिरतच नाही, आणि चांगला सप्लाय उगाच मेलेला ठरतो.

स्क्रीनवर काय दिसायला हवं? १२ व्होल्टची रेल (सप्लायमधून निघणारी एका व्होल्टेजची लाइन) ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५, ३.३ ची ३.१४ ते ३.४७. स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारे, ५ व्होल्टही ४.७५ ते ५.२५ मध्येच हवेत. ते नसतील तर बटण कितीही दाबा, मदरबोर्ड जागा होणार नाही. पीजी, म्हणजे पॉवर गुड, हा ‘व्होल्टेज स्थिर झाली’ असं सांगणारा सप्लायचा सिग्नल; तो यायला लागलेला वेळ टेस्टर मिलिसेकंदांच्या आकड्यात दाखवतो आणि तो १०० ते ५०० च्या दरम्यान असावा. नवखे लोक हा आकडा बघतच नाहीत. पीजी सिग्नल आल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला रिसेटमधून सोडत नाही, म्हणजे कामाला लागू देत नाही. म्हणून सगळी व्होल्टेज बरोबर, पंखे फिरतात आणि तरी स्क्रीन काळी, असं होऊ शकतं.

टेस्टरच्या स्क्रीनवर आकड्याऐवजी ‘एलएल’ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा नाहीच, ‘एचएच’ म्हणजे जास्त. पण एलएल दिसलं की लगेच दुकानात धावू नका. सीपीयूचा कनेक्टर लावला नसेल तर १२ व्होल्टच्या दुसऱ्या रकान्यात एलएल येणारच. काही नव्या सप्लायमध्ये उणे १२ ची रेलच नसते, तिथेही तेच. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये २० नंबरची जागा रिकामी दिसली तर वायर तुटलेली नाही; तिथली उणे ५ व्होल्टची वायर कधीच बंद झाली.

आता टेस्टरची मर्यादा. तो सप्लायवर अगदी नाममात्र लोड टाकतो. ग्राफिक्स कार्डाने ३०० वॉट ओढल्यावर कोसळणारा सप्लायही इथे पास होतो. तेव्हा ‘गेम लावला की पीसी रिस्टार्ट होतो’ या तक्रारीवर हे यंत्र काही कामाचं नाही. तिथे दुसरा सप्लाय लावूनच बघावं लागतं. मात्र ‘पीसी चालूच होत नाही’ यावर ते पैसे वसूल करतं. कारण नव्या जोडणीत सप्लाय बहुतेक वेळा ठीक निघतो, आणि मग शोध योग्य जागी वळतो.

तो शोध असा घ्या. सीपीयूचा ८ पिनचा कनेक्टर लावलाय का? तो बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कूलरमागे दडतो आणि सर्वांत जास्त तोच विसरला जातो. त्याचे ४+४ असे दोन तुकडे होतात, ग्राफिक्स कार्डाच्या कनेक्टरचे ६+२. एकाच्या जागी दुसरा जोर लावून घुसवू नका. मग कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष बटणाचा किंवा वायर चुकीच्या पिनांवर गेल्याचा.

पंखा जरासा हलून लगेच थांबत असेल तर शॉर्ट (वीज नको तिथे जोडली गेल्याचं) समजा. बोर्डाला भोक नाही तिथे कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा छोटा खुंट) राहिला की असं होतं. बोर्ड बाहेर काढून, पुठ्ठ्यावर ठेवून, फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून बघा. दर वेळी मागचं बटण अर्धा मिनिट तरी बंद ठेवा, नाहीतर ट्रिप झालेला (स्वतःच्या बचावासाठी बंद पडलेला) सप्लाय परत उठत नाही.

पंखे फिरतात पण चित्र नाही, तर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली ड्राइव्ह); जिथे अडचण, तो दिवा पेटून राहतो. डीरॅमचा दिवा अडकला तर रॅम काढून पुन्हा खटकन बसवा. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पण एएम५ (एएमडीच्या नव्या रायझनचं सॉकेट) बोर्डावर डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं हातही लावू नका. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, आणि मधेच वीज बंद केली की ते पुन्हा पहिल्यापासून. सीपीयूचा दिवा अडकला आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल, उदाहरणार्थ बी६५० चिपसेटच्या बोर्डावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर, तर आधी पेन ड्राइव्हने बायोस फ्लॅशबॅक करा, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर नवं करा. आणि रायझन ७५००एफ किंवा आय५-१२४००एफ असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही.

टेस्टरसोबत बोर्डाला लावायचा चार पिनचा छोटा स्पीकरही घ्या, बोर्डावर दिवे नसतील तर त्याचे बीपच वाट दाखवतात. जुन्या पीसीआय स्लॉटची पोस्ट कार्डं (बोर्ड सुरू होताना कुठे अडला ते आकड्यांत दाखवणारी कार्डं) मात्र घेऊ नका, तो स्लॉट आजच्या बोर्डांवर नसतोच.