जुन्या रुपयांसाठी खिशातला काटा: २०० ग्रॅम, ०.०१

नाण्यांसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घेऊ नका, पैसे वाया जातील. २०० ग्रॅम क्षमतेचा आणि ०.०१ पर्यंत दाखवणारा, बारीक सेलवर चालणारा साधा काटा घ्या. मोडवाल्याकडे, भांड्यांच्या दुकानात किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जुनं नाणं हातात आलं, की खरं-खोटं ठरवायला यासारखं दुसरं साधन नाही. मात्र त्यावर नुसतं वजन करून थांबलात तर तो हमखास फसवेल.

सोलापुरात हे जास्तच होतं, कारण इथे दोन प्रकारचे जुने रुपये सापडतात. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून ५० टक्के, आणि १९४७ चा तर निव्वळ निकेलचा, चुंबकाला चिकटणारा. दुसरा निजामाचा चारमिनार छाप हाली सिक्का. नळदुर्ग, तुळजापूर हा मुलूख निजामाचा होता, त्यामुळे तो इकडे भरपूर येतो. त्याचं वजन ११.१८ ग्रॅम, बहुतेक वर्षांच्या नाण्यांत चांदी ८१.८ टक्के. इंग्रजी रुपयाचा आकडा डोक्यात धरून चारमिनार ‘हलका, म्हणजे खोटा’ म्हणून परत करणारे कितीतरी आहेत. उलट बनावट रुपया नेमका ११.६६ भरेल असा बनवणं अवघड नाही.

म्हणून घनता काढा. नाणं झिजलं तर वजन घटतं, घनता तीच राहते. आधी कोरडं नाणं तोला. मग प्लास्टिकच्या पेल्यात शंभरेक मिली पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. स्टीलचा पेला नको, पाण्यासकट २०० ग्रॅमच्या वर जाऊ शकतो. नायलॉनच्या बारीक दोऱ्याला नाणं बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबतं धरा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा दाखवेल तितके ग्रॅम पाणी नाण्याने सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

उदाहरणार्थ, ११.६६ भागिले १.१३ म्हणजे १०.३. जुन्या इंग्रजी रुपयाची चांदी इथेच येते. ८१.८ टक्क्यांचा चारमिनार १०.२ च्या आसपास, १९४० पासूनचा ५० टक्क्यांचा इंग्रजी रुपया ९.५ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी मुळीच नाही) नक्कल ८.७ च्या जवळ पडते आणि लगेच उघडी होते. इंग्रजी रुपया आणि चारमिनार यांतला फरक मात्र घनतेवर सोडू नका, तो छापावरूनच ओळखा.

आकडा खूप कमी आला तर आधी बुडबुडे बघा. नाण्याला चिकटलेली हवा घनता खोटी कमी दाखवते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की सुटते. सुती दोरा पाणी पितो, त्यानेही गडबड होते. माळेसाठी कडी झाळलेला रुपया असेल तर ही चाचणी करूच नका, झाळ मध्ये येते. छोट्या नाण्यांनाही तिचा उपयोग नाही: १.४६ ग्रॅमची चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, ०.१४ ग्रॅमच पाणी सारते, तिथे काट्याची शेवटच्या अंकाची चूक निकाल फिरवते. शिवराईला, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याला, तर वजनाचा ठोकताळाच नाही. ती ठोकून पाडलेली, एक दुसरीसारखी नसते. तिथे दहा पटीचं भिंग लावून ‘श्री राजा शिव’ची अक्षरं बघा: ओतीव नकलेत कडा मऊ दिसतात आणि पृष्ठावर बारीक छिद्रं असतात. चिंचेने घासून लखलखीत केलेली शिवराई स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, तिचा मूळ थर गेलेला असतो.

काट्याचे दोष दोन. उघड्यावर वाऱ्याने आकडा हलतो, म्हणून झाकण लावून तोला. आणि मे महिन्यात गाडीत तापलेला काटा सरकतो. सावलीत थोडा वेळ ठेवा, मग २०११ च्या मालिकेतली एक रुपयाची पाच नाणी एकत्र तोलून बघा: १८.९५ ग्रॅम यायला हवेत. नसेल तर १०० ग्रॅमच्या वजनाने पुन्हा जुळवा. बटण चुकून दाबलं जाऊन ग्रॅमऐवजी कॅरेट लागतं, तेही तपासा.

या काट्यावर वैधमापनाचा, म्हणजे सरकारी तपासणीचा, शिक्का नसतो, त्यामुळे चांदीचा भाव लावायचा तर सराफाच्या शिक्क्याच्या काट्यावरच वजन करा. ओली माती चिकटलेली नाणी ‘किल्ल्यातून निघाली’ म्हणून कुणी दाखवली, तर घेऊ नका: जमिनीतून निघालेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.