दार उघडले की फ्यूज उडतो : फोंड्यातील एका दुरुस्ती दुकानाविषयी

मायक्रोवेव्हच्या दाराचा खटका बिघडला तर यंत्र स्वतःहून तसे सांगत नाही. आमच्या घरी हा बिघाड ओळखायला तीन आठवडे आणि तीन माणसे लागली. त्यांपैकी फोंड्याला तिस्क परिसरात असलेल्या एका लहानशा दुकानातील कारागिराने तो अर्ध्या तासात शोधून काढला. त्याच्या कामाचा हा अभिप्राय आहे, आणि त्याला चांगला का म्हणायचे हे कळावे म्हणून आधीच्या दोन अनुभवांबद्दलही लिहिणे भाग आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी उरलेले खतखते गरम होत असताना आईने थांबवण्याचे बटण न दाबता सरळ दार ओढले. आत ‘फट्’ असा आवाज झाला आणि दिवा, घड्याळ, पंखा सगळे एकदम बंद पडले. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा माणूस आला. त्याने मागचे आवरण काढले, उडालेला सिरॅमिकचा फ्यूज बदलला, पेलाभर पाणी दोन मिनिटे तापवून दाखवले, सहाशे रुपये घेतले आणि तो गेला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तसेच दार उघडले गेले आणि पुन्हा ‘फट्’. केंद्राला फोन केला तेव्हा, यंत्र न पाहताच, आता कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल आणि त्याचे चार हजार दोनशे रुपये होतील, असे उत्तर मिळाले.

वाड्यावर वायरिंगची कामे करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, “दाराचे स्विच डायरेक्ट करून देतो, कटकटच नको.” त्याचा हेतू वाईट नव्हता, परंतु ही सूचना ऐकून मी यंत्राचा प्लग काढून ठेवला. दाराचे स्विच डायरेक्ट करणे म्हणजे दार उघडे असतानाही आतील मॅग्नेट्रॉन, म्हणजे तापवणाऱ्या लहरी निर्माण करणारा भाग, चालू राहण्याची सोय करणे होय. असे कोणी सुचवले तर त्याला चहा पाजावा, काम मात्र देऊ नये.

तिस्कच्या दुकानात मी यंत्र स्वतः रिक्षाने नेले. कारागिराचा पहिला प्रश्न होता, “फ्यूज केव्हा उडतो, चालू करताना की दार उघडताना?” माझ्या मते या संपूर्ण दुरुस्तीचे मर्म या एका प्रश्नात होते. चालू करताना किंवा तापत असताना फ्यूज उडत असेल तर उच्च दाबाच्या बाजूला, म्हणजे कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), डायोड किंवा ट्रान्सफॉर्मरकडे बघावे लागते. दार उघडण्याच्या क्षणी उडत असेल तर दाराच्या स्विचांवरच संशय घ्यावा लागतो.

याचे कारण त्याने समजावून सांगितले. घरगुती मायक्रोवेव्हच्या दारामागे साधारणपणे तीन मायक्रोस्विच असतात आणि दाराचे दोन आकडे आत शिरले की ते दाबले जातात. त्यांपैकी एकातून यंत्राचा मुख्य प्रवाह जातो. दुसरा दार बंद असल्याची सूचना कंट्रोल बोर्डाला देतो. तिसरा मात्र पहारेकरी असतो आणि त्याचे काम उलटे चालते. दार उघडले की तो जोडला जातो. मुख्य स्विचचे टोक जळून चिकटून बसले असेल आणि त्यामुळे दार उघडूनही प्रवाह तुटला नसेल, तर हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट सर्किट करून फ्यूज उडवतो आणि यंत्र बंद पाडतो. मांडणी कंपनीगणिक थोडी वेगळी असते, परंतु तत्त्व हेच. म्हणजे आमच्याकडे फ्यूज उडत होता तो सुरक्षिततेची व्यवस्था चोख काम करत होती म्हणून. ज्याने नुसता फ्यूज बदलला, त्याने पहारेकऱ्याला नवी शिट्टी दिली आणि चोराला तसाच घरात ठेवला!

आणखी एक गोष्ट इथे उलगडली. कंपनीच्या माणसाची पाण्याची चाचणी यशस्वी झाली ती वेळ संपून यंत्र आपोआप थांबल्यामुळे. तसे थांबताना बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आधीच प्रवाह तोडतो, त्यामुळे चिकटलेला स्विच उघडकीस येत नाही. आईप्रमाणे मध्येच दार ओढले तरच तो पकडला जातो. शिवाय या सवयीनेच स्विचची टोके लवकर जळतात, कारण दर वेळी भर प्रवाह तुटताना ठिणगी पडते.

उघडण्याचे काम त्याने माझ्यासमोर केले. आवरण काढताच इन्सुलेशन असलेल्या पेचकसाने कपॅसिटर डिस्चार्ज केला. प्लग काढलेला असला तरी कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार शिल्लक राहू शकतो, म्हणून हे आवरण घरी कोणीही काढू नये असे त्याने बजावले. मग मल्टिमीटर लावून तो दार अगदी सावकाश, बोटभर बोटभर बंद करू लागला आणि मला ‘टक’ ऐकायला सांगितले. दार मिटताना आधी पहारेकरी स्विच सुटला पाहिजे आणि त्यानंतर मुख्य स्विच जोडला गेला पाहिजे. उघडताना याच्या उलट. आमच्या दारात मुख्य स्विच काही वेळा सुटतच नव्हता. भरीला खालच्या आकड्याची स्प्रिंग गंजून सैल झाली होती, त्यामुळे मूठ वरखाली हलवली की दार किंचित डुलत होते. चार महिने न वाळणाऱ्या आमच्या पावसाळी स्वयंपाकघरात स्प्रिंग गंजली याचे मला नवल वाटले नाही.

काढलेला स्विच त्याने चाकूने उकलून हातावर ठेवला. काळ्या प्लॅस्टिकवर तपकिरी डाग पडला होता आणि आतील पातळ पट्टीच्या टोकाला राईएवढा काळा खड्डा होता. त्या टोकाला जळकट वास येत होता. एकच स्विच खराब असूनही त्याने तिन्ही बदलले. आधी मला हा बिल वाढवण्याचा प्रकार वाटला. पण शॉर्ट सर्किटचा धक्का सोसलेल्या पहारेकरी स्विचवर पुन्हा विसंबू नये, हे त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. स्विच, स्प्रिंग, फ्यूज आणि मजुरी मिळून आठशे पन्नास रुपये झाले. शेवटी त्याने यंत्र चालू ठेवून मध्येच दार उघडले, तेही एकदा नव्हे, पाच वेळा. फ्यूज टिकला.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. दाराच्या दुरुस्तीनंतर किरणगळती मोजायला हवी. दारापासून पाच सेंटिमीटरवर ती दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटपेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा साधारणपणे मानली जाते. दुकानात ती मोजण्याचे उपकरण नव्हते. त्याने दाराची फट, बिजागरी आणि जाळी नजरेने तपासली, पण त्याला मोजमाप म्हणता येत नाही. दारात कागद अडकवून ओढून पाहण्याचा किंवा आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का ते बघण्याचा उपायही इथे कामाचा नाही, कारण हे दार फ्रिजसारखे रबराने बंद होत नाही. लहरी अडवण्याचे काम दाराच्या कडेतील ठरावीक मापाची खाच करते, आणि मोबाइलच्या लहरी पूर्ण रोखण्यासाठी ती बनवलेलीच नसते. एवढ्या जाणकार कारागिराकडे गळतीचा मीटर असता तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते; सध्या चार देतो.

कुणाला जायचे असेल तर यंत्राच्या मागच्या स्टिकरवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो न्यावा, कारण हे स्विच दिसायला सारखे असले तरी त्यांच्या पात्या आणि पिना वेगवेगळ्या असतात. तीन महिन्यांची हमी बिलाच्या पाठीवर लिहून मिळते, पण ती फक्त स्विचांची, स्प्रिंगची नव्हे. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते आणि त्या वेळेत फोनही उचलला जात नाही.