पाळी गेल्यानंतरची जळजळ: मॉइश्चरायझर, इस्ट्रोजेन की आणखी काही?

लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, अंगावरून पांढरंही जात नाही, तरी खाली आग होते. बसलं की टोचतं, लघवी झाली की चुरचुरतं. लाजेपोटी कुणाला सांगवत नाही, मग बुरशीची क्रीम आणून लावली जाते. माझा पहिला विरोध त्या क्रीमला आहे. पाळी गेल्यावर, मधुमेह नसेल आणि हार्मोनचे उपचार चालू नसतील, तर बुरशीचा संसर्ग तसा कमीच होतो. स्वॅब न घेता तीच क्रीम पुन्हा पुन्हा लावली तर नाजूक त्वचा आणखी भाजल्यासारखी होते. (मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्या घेणाऱ्यांना मात्र बुरशी सहज होते. गोळीचं नाव डॉक्टरांना आवर्जून सांगा.)

या वयात सर्वांत जास्त आढळणारं कारण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची घट हे आहे. योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो, आणि एरवी ४.५ च्या आत राहणारा पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या वर जातो, म्हणजे आम्लता घटते. म्हणून जंतू न सापडताही जळजळ होते. इथे खरी निवड दोन गोष्टींत आहे.

योनीसाठीचं मॉइश्चरायझर हार्मोनविरहित असतं. आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत वा नसोत, नेमाने लावायचं. ल्युब्रिकंट निराळं, ते फक्त संबंधांच्या वेळेचं. बिनसुगंधी निवडा. काही उत्पादनांत ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल इतकं असतं की ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि लावताक्षणी झोंबतं. झोंबलं तर सोसत बसू नका, दुसरं घ्या. ओलावा मिळतो, पण पातळ झालेलं अस्तर याने पूर्ववत होत नाही.

ते काम योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन करतं. उदाहरणार्थ १० मायक्रोग्रॅमची गोळी: पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक काही आठवड्यांत जाणवतो, पूर्ण परिणामाला तीनेक महिने लागू शकतात. बंद केलं की त्रास हळूहळू परततो. वारंवार होणारा लघवीचा संसर्गही याने कमी होतो. सोबतचं पत्रक वाचून कित्येकजणी घाबरून थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या तुलनेत इथे रक्तात जाणारं प्रमाण अत्यल्प असतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, विशेषतः अरोमाटेज इनहिबिटर (शरीरात इस्ट्रोजेन बनणं रोखणारं औषध) चालू असेल, तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

त्रास सौम्य असेल तर आधी मॉइश्चरायझर. लघवीचा संसर्गही पुन्हा पुन्हा होत असेल तर इस्ट्रोजेन लांबवू नका, असं माझं मत.

पण त्याआधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहायलाच हवं. फोनवर लक्षणं सांगून हे भागत नाही. बाहेरच्या त्वचेवर पांढुरके चट्टे आणि खूप खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा विकार असू शकतो. त्याला वरच्या दोन्हींचा उपयोग नाही. क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड मलम लागतं, आणि कर्करोगाचा थोडा धोका असल्याने पुढेही नियमित तपासणी. पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवा. साबण, इंटिमेट वॉश, ओले वाइप्स आजपासूनच बंद. साधं पाणी पुरतं.

सगळं नीट दिसतं आणि तरी तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतं, याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी वाटेला लावत असेल तर डॉक्टर बदला. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि लिडोकेनचं बधिर करणारं मलम यांपासून सुरुवात करता येते. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची अमिट्रिप्टिलीन ही गोळीही कमी मात्रेत देतात, पण उतारवयात तिने गुंगी येऊन तोल जाऊ शकतो.

या त्रासासाठी योनीत केल्या जाणाऱ्या लेझर उपचाराच्या मी विरोधात आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिला, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खऱ्या आणि लुटुपुटूच्या लेझरच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही.