पुण्यातील एका व्हिसा-कागदपत्र कार्यालयाचा अनुभव : भारतीय कागद उत्तम, अमेरिकन कागदांकडे स्वतः लक्ष द्यावे

अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला मिळणाऱ्या स्थलांतर व्हिसाची फाइल तयार करून देणाऱ्या पुण्यातील एका लहान कार्यालयाची सेवा आम्ही गेल्या वर्षी घेतली. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण उणिवांविषयीही सविस्तर लिहायचे आहे आणि त्या उणिवा या व्यवसायातील इतर अनेक ठिकाणी आढळतील अशाच आहेत. माझे पती मराठीच आहेत आणि अमेरिकन नागरिक आहेत. मात्र लग्नानंतर ते पुण्यात राहून येथील कंपनीत नोकरी करत होते. त्यामुळे आमच्या प्रकरणात लग्न खरे आहे हे दाखवण्यापेक्षा दोन गोष्टी अवघड होत्या : पतीचे अमेरिकेतील उत्पन्न आणि अमेरिकेतील वास्तव्य. ज्यांचे पती तिकडेच नोकरी करतात त्यांना यातील अर्धा भाग लागू होणार नाही, पण उरलेला अर्धा नक्कीच उपयोगी पडेल.

भारतीय कागदपत्रांच्या बाबतीत हे कार्यालय अत्यंत काटेकोर आहे. तेथील एका ताईंनी पहिल्याच भेटीत माझ्या सर्व कागदांवरून नावांचा एक तक्ता तयार केला. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र अशा प्रत्येक कागदावर माझे नाव, मधले नाव आणि आडनाव इंग्रजीत नेमके कसे लिहिले आहे ते त्यांनी अक्षर न अक्षर एकाखाली एक उतरवून काढले आणि जेथे फरक होता तेथे लाल पेनाने खूण केली. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, शिवाय माहेरचे आडनाव एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या स्पेलिंगने असते. स्थलांतर व्हिसाच्या डीएस-२६० या ऑनलाइन अर्जात पूर्वी वापरलेली सर्व नावे विचारली जातात. त्या तक्त्यामुळे एकही नाव सुटले नाही, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज करतानाही तोच तक्ता समोर ठेवता आला.

माझ्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. आमच्या पिढीतील अनेकांच्या दाखल्यांत तो तसाच असतो, कारण नोंद रुग्णालयातून बारशाच्या आधीच झालेली असते. हा दाखला तसाच पुढे न पाठवता आधी महानगरपालिकेत नाव चढवून घ्या, असा आग्रह कार्यालयाने धरला, त्यासाठी लागणारे प्रतिज्ञापत्र करून दिले आणि महानगरपालिकेच्या कोणत्या कार्यालयात, कोणते कागद घेऊन जायचे तेही लिहून दिले. शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांचे प्रतिज्ञापत्र त्यांनी जोडकागद म्हणून ठेवले. या एका विभागासाठी मी या कार्यालयाची शिफारस कोणताही किंतु न ठेवता करीन.

आर्थिक कागदांच्या बाबतीत मात्र मला तसे म्हणता येत नाही. पहिल्या बैठकीनंतर आम्हाला मिळालेल्या यादीत माझ्या वडिलांची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, त्यांच्या मुदत ठेवींच्या पावत्या, सीएकडून घ्यावयाचे नेटवर्थ सर्टिफिकेट आणि आई-वडिलांच्या सदनिकेचे मूल्यांकन यांचा समावेश होता. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाच्या फायलींची सवय झालेल्या माणसाने केलेली ती यादी आहे हे स्पष्ट दिसत होते. पत्नीच्या स्थलांतर व्हिसात माहेरची माणसे किती सधन आहेत हा प्रश्नच नसतो. तेथे गेल्यावर ही व्यक्ती सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता आहे का, एवढेच अधिकाऱ्याला पाहायचे असते आणि त्याचा मुख्य आधार असतो तो आय-८६४ हा फॉर्म, म्हणजे प्रायोजकाने (येथे माझ्या पतीने) भरलेले आर्थिक हमीपत्र. प्रायोजकाचे उत्पन्न त्याच्या कुटुंबसंख्येसाठी ठरलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. अलास्का आणि हवाई यांचे तक्ते वेगळे असतात.

मालमत्ता अजिबात धरली जात नाही असेही नाही. उत्पन्न कमी पडत असेल, तर अमेरिकन नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट किमतीची मालमत्ता दाखवता येते. मात्र ती प्रायोजकाची, त्याच्याबरोबर राहणाऱ्या आणि आय-८६४ए हे जोड-हमीपत्र भरून देणाऱ्या घरातील माणसाची किंवा व्हिसा मागणाऱ्या पत्नीची स्वतःची असावी लागते. वर्षभरात तिचे रोख पैसे करता यावेत आणि भारतात असेल तर ते पैसे देशाबाहेर नेता यावेत, ही अट असते. म्हणजे माझ्या स्वतःच्या नावावरची ठेव चालली असती, पण वडिलांच्या सदनिकेचे मूल्यांकन कितीही मोठे असले तरी त्याचा उपयोग शून्य होता. मूल्यांकनकर्त्याचे शुल्क भरण्याआधी आम्ही स्वतः फॉर्मसोबतच्या सूचना वाचल्या म्हणून तो खर्च वाचला. ही शंका विचारल्यावर कार्यालयाच्या मालकांनी यादी मागे घेतली, वाद घातला नाही. हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तरीही ज्याला विचारायचे सुचणार नाही, त्याचे पैसे गेले असते.

पतीच्या करविवरणातला पेच त्याहून सूक्ष्म होता. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही, उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर, दरवर्षी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते आणि माझे पती ते नियमित भरत आले आहेत. परंतु परदेशात कमावलेल्या उत्पन्नावरची वजावट फॉर्म २५५५ वरून घेतली की १०४० या विवरणपत्राच्या नवव्या ओळीतील एकूण उत्पन्न जवळजवळ शून्यावर येते, आणि आय-८६४ मध्ये तीच ओळ मागितलेली असते. शिवाय पुण्यातील पगार अमेरिकेत गेल्यावर चालू राहणार नसेल, तर तो चालू उत्पन्न म्हणून धरला जात नाही. कार्यालयाने पहिल्या मसुद्यात पुण्याचा पगार रुपयांतून डॉलरमध्ये बदलून चालू उत्पन्नाच्या रकान्यात लिहिला होता. तो आकडा तसाच गेला असता तर मुलाखतीत त्यावर प्रश्न येणे अटळ होते.

अखेर न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मोठ्या दिरांनी सहप्रायोजक होण्याचे मान्य केले. येथे दोन गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. सहप्रायोजक मिळाला तरी मूळ अर्जदार पतीला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, मग त्याचे उत्पन्न शून्य का असेना. आणि सहप्रायोजकाची कुटुंबसंख्या मोजताना त्याच्या घरातील माणसांत स्थलांतर करणाऱ्या व्यक्तीची भर घालावी लागते. दिरांचे कुटुंब चौघांचे. कार्यालयाने मर्यादाही चौघांचीच, म्हणजे ४०,१८७ डॉलर धरली होती, ती मला धरून पाच जणांची, म्हणजे ४७,०६२ डॉलर हवी होती. दिरांचा पगार दोन्हींपेक्षा बराच अधिक असल्याने आमचे काही बिघडले नाही, परंतु ज्यांचा सहप्रायोजक या दोन आकड्यांच्या मधोमध असेल त्यांची फाइल एवढ्यावरून अडू शकते.

या टप्प्यावर मला या सेवेची सर्वांत मोठी उणीव जाणवली. दिरांना पाठवलेल्या ईमेलमध्ये सह्या कुठे करायच्या याच्या पिवळ्या खुणा होत्या, पण आपण कशावर सही करत आहोत याविषयी एक ओळही नव्हती. आय-८६४ हा कायद्याने बंधनकारक करार आहे. स्थलांतर केलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत तो टिकतो; घटस्फोटाने तो संपत नाही. नात्यातला माणूस प्रेमाखातर सही करून देतो, म्हणूनच त्याला हे आधी स्पष्ट सांगणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे असे मी मानते. आम्ही फोनवर त्यांना आणि जाऊबाईंना सगळे समजावून सांगितले आणि त्यांनी विचार करून होकार दिला. ग्राहकाच्या वतीने असा कागद पाठवणाऱ्या कार्यालयाने ही माहिती मराठीत एका पानावर लिहून सोबत जोडायलाच हवी.

वास्तव्याच्या पुराव्याचे काम मात्र त्यांनी फार उत्तम केले, आणि तेच आमच्या फाइलचे मर्म होते. प्रायोजकाचे कायम वास्तव्य अमेरिकेत असावे लागते. ते नसेल आणि पत्नी अमेरिकेत प्रवेश करीपर्यंत ते पुन्हा प्रस्थापित करण्याचा खरा इरादा दाखवता आला नाही, तर कितीही श्रीमंत सहप्रायोजक आणला तरी ही उणीव भरून निघत नाही. हे कार्यालयाच्या मालकांना पुरते ठाऊक होते. ते म्हणाले, “ताई, भाऊंनी परत जायचं ठरवलंय हे सांगून भागत नाही, त्या दिशेनं टाकलेलं प्रत्येक पाऊल कागदावर दिसलं पाहिजे.”

त्यानुसार त्यांनी स्वतंत्र विभाग केला. पतीच्या तेथील बँक खात्याची विवरणे आणि त्यात येथून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, मतदार नोंदणी आणि परदेशातून केलेल्या मतदानाची नोंद, चालू असलेला वाहन परवाना, तेथे केलेले नोकरीचे अर्ज आणि पुढे आलेले नियुक्तिपत्र, दिरांच्या घरी सुरुवातीला राहण्याविषयी त्यांचे सहीचे पत्र, पुण्यातील भाड्याचे घर सोडण्याची घरमालकांना दिलेली नोटीस, असा सगळा क्रम तारखांनुसार लावलेला होता. सर्वांत वर पतीच्या सहीचे एक पानी निवेदन होते आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे पुराव्याच्या कागदाचा क्रमांक होता. पती आधी जाणार की आम्ही बरोबर जाणार, हेही त्यात स्वच्छ लिहिले होते, कारण पतीने आधी किंवा पत्नीबरोबर जायचे असते, मागाहून नाही. नियुक्तिपत्र आल्यावर त्याच दिवशी त्यांनी निवेदन बदलून पाठवले.

शुल्काचा व्यवहार चोख आहे. अर्धी रक्कम आधी आणि अर्धी मुलाखतीची तारीख आल्यावर घेतली, पावती दिली, आणि सरकारी शुल्के स्वतःच्या हातून भरण्याचा आग्रह धरला नाही. नॅशनल व्हिसा सेंटरच्या, म्हणजे मुलाखतीआधी शुल्क आणि कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी केंद्राच्या टप्प्यावर अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर ऑनलाइन भरावे लागतात आणि त्यासाठी अमेरिकेतील बँक खातेच लागते. ते पतीच्या खात्यातून भरले. मात्र फॉर्म दुसऱ्याने तयार केला असेल तर तयार करणाऱ्याने त्यावर आपले नाव घालून सही करायची असते, त्या सहीसाठी मला बराच पाठपुरावा करावा लागला. कोणी या सहीस नकार देत असेल तर ते काम त्याच्याकडून करून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपण वकील नाही आणि कायद्याचा सल्ला देत नाही, हे त्यांनी पावतीवरच छापले आहे. पूर्वीचा व्हिसा नकार, मुदतीपेक्षा अधिक वास्तव्य किंवा फौजदारी प्रकरण असेल तर अमेरिकेतील परवानाधारक वकिलाकडे जा, असे ते स्वतःहून सांगतात.

मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात, बांद्रा-कुर्ला संकुलात झाली. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोनमध्ये असलेला पुरावा नसल्यासारखाच असतो. कार्यालयाने नॅशनल व्हिसा सेंटरच्या पोर्टलवर चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि छापील संच त्याच क्रमाने लावून दिला होता. अधिकाऱ्याने लग्नाविषयी थोडेसे विचारले आणि लगेच पती सध्या कुठे आहेत, कुठे काम करणार आणि आम्ही कुठे राहणार याकडे वळले. मी वास्तव्याचा विभाग पुढे केला. त्यांनी निवेदन वाचले, नियुक्तिपत्र पाहिले आणि दिरांच्या हमीपत्रावरील कुटुंबसंख्येच्या आकड्यावर क्षणभर बोट ठेवून पान उलटले. वाढीव कागद मागणारी २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली नाही.

व्हिसा हातात आल्यावर कार्यालयाची जबाबदारी संपते आणि ते करारात लिहिलेले आहे. तरीही प्रवासाआधी भरायचे २३५ डॉलरचे स्थलांतर शुल्क, आणि प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर मिळणारे दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड, या दोन गोष्टींची लेखी सूचना त्यांनी द्यायला हवी होती. तसे कार्ड मिळाल्यास मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. आमच्या लग्नाला दोन वर्षे पूर्ण होत आली होती. तिकीट थोडे पुढचे काढले असते तर सशर्त कार्डाचा प्रश्नच उरला नसता, आणि हे आम्हाला कोणी तिकीट काढण्याआधी सांगायला हवे होते.