टूलबारवरचे आयकॉन गेले आणि पाठोपाठ २७,४५० रुपये गेले

फलटणला तहसील कचेरीच्या बाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, भाडेकरार, वारसनोंदीची कागदपत्रं, सगळं मराठीतलं काम. टाइपरायटरवर मराठीची तिसाची आणि चाळिसाची परीक्षा दिली, मग कॉम्प्युटरवर श्रीलिपी शिकले, मग युनिकोड. जुना कॉम्प्युटर विंडोजवर फार रेंगाळायला लागला तेव्हा, २०२२ च्या दिवाळीत, पुण्याच्या भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकून दिली. सोबत लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखं टायपिंगचं फुकट सॉफ्टवेअर, आलंच. तेव्हापासून काम सुरळीत चाललं होतं आणि आजही त्याच मशीनवर चालतं. मी फसले त्यात लिनक्सचा किंवा लिब्रेऑफिसचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगते. कारण हे ऐकल्यावर दोघातिघांनी मला "फुकटातलं वापरलं की असंच होतं" असं ऐकवलं, आणि ते खरं नाही.

१६ जून २०२३, शुक्रवार. शाळा आदल्या दिवशी सुरू झालेल्या, दाखल्यांची झुंबड. सकाळी अपडेट मॅनेजरच्या ढालीच्या चित्रावर ठिपका दिसला म्हणून मी अपडेट सुरू केलं, आणि ते अर्ध्यावर असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच बसली होती, बदलायची राहून गेली होती. वीज आल्यावर मशीन चालू झालं, फाइल उघडली, मजकूर जागेवर होता. पण वरचा टूलबार ओळखू येईना. जिथे सेव्हचं, प्रिंटचं, ठळक अक्षराचं चित्र असायचं तिथे कुठे नुसती रिकामी जागा, कुठे नुसते शब्द. माउस नेला की त्या बटणाचं नाव दिसायचं, चित्र मात्र नाही.

आता कळतं की काम अडलेलं नव्हतं. वरचे मेन्यू चालत होते. कंट्रोल आणि एस दाबलं की सेव्ह होत होतं, कंट्रोल आणि पी दाबलं की प्रिंट निघत होती. पण समोर सहा माणसं उभी, त्यातले एक आजोबा सकाळच्या एसटीनं आलेले, आणि हात नेहमीच्या जागी जाऊन अडखळत होता. भाच्याला दोन फोन केले, त्यानं उचलले नाहीत. तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता. मग मी मोबाइलवर लिब्रेऑफिसची हेल्पलाइन शोधली. सगळ्यात वर एक नंबर आला, शेजारी लिब्रेऑफिसचं चिन्ह. त्यावर बारीक अक्षरात जाहिरात असल्याचं लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं.

फोन लगेच उचलला गेला. आवाज शांत, भाषा अदबीची. मी अडचण सांगितली तसा तो म्हणाला, "मॅडम, आपका लायसन्स एक्सपायर हो गया है. इसलिए सर्व्हर ने आयकॉन हटा दिए हैं." मला ते पटलं. मोबाइलचं रिचार्ज संपलं की इनकमिंग बंद होतं, टीव्हीचं पॅकेज संपलं की चॅनेल काळे पडतात. तसंच हेही असेल असं वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण फसणारा माणूस बावळट असतो असा समज आहे. त्याचं बोलणं आपल्या रोजच्या अनुभवात चपखल बसत होतं, म्हणून ते खरं वाटलं.

त्यानं स्क्रीन शेअर करायचं एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, त्यावरचा आकडा विचारला, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाण आपोआप फिरायला लागला. त्यानं टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याची, काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं आणि मला पासवर्ड टाकायला सांगितलं. मी टाकला. खिडकीत लाल ओळींची रांग लागली. "देखिए, कितने एरर हैं. वायरस भी है."

त्या लाल ओळींबद्दल भाच्यानं नंतर मला बसवून समजावलं. लिनक्स आपल्या पोटातल्या घडामोडींची नोंदवही ठेवतं आणि 'जर्नल-सीटीएल' ही आज्ञा ती वही उघडून दाखवते. त्यात ब्लूटूथ सापडलं नाही, बायोसनं अमुक उत्तर दिलं नाही, अशा तक्रारी ठणठणीत मशीनवरही लाल रंगात दिसतात. भाच्यानं स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर तीच आज्ञा चालवून दाखवली. तिथेही लाल ओळी होत्याच.

मग आली रक्कम. "लाइफटाइम लायसन्स" अडीच हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. व्हॉट्सॲपवर बिल आलं, त्यावर जीएसटी नंबर, खाली शिक्का. दिवसभर शिक्क्यांच्या कागदांत वावरणारी मी, शिक्का बघून मला धीर आला. यूपीआयनं पैसे पाठवले. त्यानं पंचवीस अक्षरांची एक 'की' पाठवली, लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये जाऊन ती टाकली, मग पुन्हा काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली. लिब्रेऑफिस बंद करून उघडलं आणि सगळे आयकॉन परत आले. फ्लॉपीसारखं दिसणारं सेव्हचं चित्रसुद्धा. मला खरोखर बरं वाटलं. मी त्याचे आभार मानले.

आणि इथेच मी पूर्ण त्याच्या हातात गेले. काम करून दाखवल्यावर त्याच्यावर शंका घ्यायला कारणच उरलं नव्हतं. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. तुमचं दुकान छोटं आहे, तुम्हाला जीएसटी लागत नाही, ४५० रुपये परत करायचे आहेत, रिक्वेस्ट पाठवली आहे, फक्त पिन टाका. समोर वारसनोंदीचे अर्जदार बसलेले, प्रिंटर चालू. मोबाइलवर नाव दिसलं "रिफंड डिपार्टमेंट". मी नाव वाचलं, आकडा वाचला नाही. पिन टाकला. बँकेचा मेसेज आला: २४,५०० रुपये वजा.

त्यानंतर तो नंबर लागला नाही.

पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. हे मला ऐकून माहीत होतं, बँकेत भिंतीवर लावलेलंही असतं. पण त्या क्षणी आठवलं नाही.

पाऊण तासात मी १९३० ला फोन केला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर. त्यांनी व्यवहाराचे क्रमांक, वेळ, रक्कम विचारली आणि मेसेजवर तक्रारीचा नंबर दिला. संध्याकाळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरली आणि शनिवारी बँकेत लेखी अर्ज दिला. पैसे ज्या खात्यात गेले होते तिथे तोवर ९,४०० शिल्लक होते, ते गोठवले गेले. बाकीचे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. गोठवलेले पैसे कोर्टाच्या आदेशानंतर परत मिळाले, त्यात बरेच महिने गेले. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणजे लाज वाटून गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. मी पाऊण तास रडण्यात आणि घरी काय सांगू या विचारात घालवला. ती पाऊण तासाची चूक मला पिनच्या चुकीपेक्षा जास्त लागते.

रविवारी भाचा आला. "मावशी, मला अजून चार वेळा फोन लावायचास गं," एवढंच म्हणाला आणि मशीनसमोर बसला. टर्मिनल उघडून त्यानं वरच्या बाणाची कळ दाबली. आधी टाइप केलेल्या ओळी तशा परत दिसतात, हे मला माहीत नव्हतं, आणि त्या माणसानं त्या पुसलेल्याही नव्हत्या. तीनच ओळी होत्या. पहिली लाल नोंदी दाखवणारी. दुसरी 'लिब्रेऑफिस-स्टाइल-कोलिब्रे' हे आयकॉनचं पॅकेज, म्हणजे बसवायच्या फाइलींचा गठ्ठा, पुन्हा बसवणारी. तिसरी ते स्क्रीन शेअरिंगचं ॲप कायमचं बसवणारी, म्हणजे मशीन चालू झालं की तेही आपोआप चालू. पासवर्ड मी एकदाच टाकला होता, पण तो एकदा दिला की पुढची पंधरा मिनिटं मिंट त्याच खिडकीत पुन्हा विचारत नाही. तेवढ्यात त्यानं हे उरकलं होतं. दोन दिवस माझ्या कॉम्प्युटरचं दार उघडं होतं, आणि त्यात लोकांची आधार कार्डं, सात-बारे, फोटो.

मग भाच्यानं एपीटीची, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामची, नोंद उघडली. पॅकेज कधी बसलं, कधी निघालं, हे सगळं त्यात तारीख-वेळेसह असतं. आयकॉनचं पॅकेज बसायला सुरुवात २ वाजून ५२ मिनिटं ११ सेकंदांनी, शेवट २ वाजून ५२ मिनिटं १९ सेकंदांनी. आठ सेकंद. ते पॅकेज कुणालाही फुकट मिळतं.

आणि ती पंचवीस अक्षरांची की? ती ऑप्शन्समध्ये 'युजर डेटा' या पानावर सापडली, 'कंपनी' लिहिलेल्या चौकटीत. ती चौकट आपल्या दुकानाचं नाव लिहायची आहे. की टाकायला लिब्रेऑफिसमध्ये जागाच नाही, म्हणून त्यानं ती तिथे टाकली होती. मी स्वतःच्या हातानं ती पुसली आणि दुकानाचं नाव लिहिलं.

लिब्रेऑफिसला लायसन्स संपणं, नूतनीकरण, की, असं काही नसतं. २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं होऊन ते सुरू झालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची जर्मनीतली ना-नफा संस्था ते सांभाळते, आणि मोझिला पब्लिक लायसन्सखाली ते कुणीही घ्यावं, कितीही मशीनवर टाकावं, धंद्यासाठी वापरावं. त्यांच्या संकेतस्थळावर देणगीची विनंती असते, ती ऐच्छिक. मॅक आणि विंडोजच्या ॲप स्टोअरमध्ये किंमत लावलेली प्रतही मिळते, पण लिनक्सवाल्याला तिची गरज नाही. कुठलाही सर्व्हर तुमचे आयकॉन काढून घेत नाही. आयकॉन तुमच्याच मशीनवर एका झिप फाइलमध्ये असतात, प्रत्येक थीमची, म्हणजे चित्रांच्या संचाची, वेगळी: कोलिब्रे, ब्रीझ, एलिमेंटरी, सिफर अशी त्यांची नावं. माझ्याकडे अपडेट अर्ध्यावर तुटल्यानं कोलिब्रेची फाइल लिहायची राहिली आणि शून्य आकाराची रिकामी फाइल तयार झाली, असं भाच्याचं निदान.

तुमच्याकडे असं झालं तर काय करायचं, तेही सांगते. आता मला ते येतं. आधी मदत मेन्यूमधून लिब्रेऑफिस सेफ मोडमध्ये, म्हणजे तुमची सेटिंग बाजूला ठेवून, सुरू करून बघा. तिथे आयकॉन दिसले तर बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे, मग ऑप्शन्समध्ये आयकॉन थीम बदलून पाहा. माझ्या आवृत्तीत ते 'व्ह्यू' या पानावर आहे. सेफ मोडमध्येही दिसले नाहीत तर पॅकेजकडे वळायचं. मिंटमध्ये सिनॅप्टिक नावाचा पॅकेज मॅनेजर असतो. अपडेट मध्येच तुटलं असेल तर त्याच्या एडिट मेन्यूतलं 'फिक्स ब्रोकन पॅकेजेस' आधी चालवा. मग शोधात लिब्रेऑफिस-स्टाइल टाका, जी थीम बसवलेली दिसेल तिच्यावर उजवं क्लिक करून पुन्हा बसवायची खूण करा आणि अप्लाय दाबा. बहुतेक वेळा काळ्या खिडकीची गरजही पडत नाही. एक गोष्ट मात्र बघा: कुणी संस्थेच्या संकेतस्थळावरून थेट फाइल उतरवून दुसरं लिब्रेऑफिस बसवलं असेल तर ते 'ऑप्ट' फोल्डरमध्ये वेगळं राहतं. मग मेन्यूत दोन-दोन रायटर (लिब्रेऑफिसचा टायपिंगचा भाग) दिसतात आणि आपण एक दुरुस्त करून दुसरंच उघडत बसतो.

भाच्यानं ते ॲप काढलं, मशीनचा पासवर्ड बदलला, मी बँकेचा आणि ईमेलचा बदलला. ज्यांची कागदपत्रं त्या दोन दिवसांत मशीनवर होती त्या एकवीस जणांना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. दोघं रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. एका आजींनी उलट मलाच धीर दिला.

गेल्या वर्षी एका शाळेचे क्लार्क दुकानात आले. त्यांच्याही टूलबारवरचे आयकॉन गेले होते आणि मोबाइलवर शोधून काढलेला एक हेल्पलाइन नंबर त्यांनी मला दाखवला, फक्त डायल करायचा बाकी होता. मी त्यांचा मोबाइल टेबलावर पालथा ठेवायला लावला, दुकान बहिणीवर सोपवलं आणि त्यांच्यासोबत शाळेत गेले. सिनॅप्टिक उघडलं, पॅकेजवर खूण केली, अप्लाय दाबलं. आयकॉन आले. मग त्यांच्याच खुर्चीत बसून आम्ही दोघांनी तो नंबर सायबरक्राइमच्या त्याच संकेतस्थळावर संशयित म्हणून नोंदवला.